लिंक टाकली म्हणजे सर्वे झाला का?

मा. संपादक,

माझी भाची एमएच्या प्रोजेक्टसाठी जत तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्यावर सर्वे करतीय. आधी तिनं गूगल फॉर्म बनवून व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली, दोन दिवसात १०० च्या वर उत्तरं, एक्सेलमध्ये आपोआप भरलेली, गाईडपण खूश. पण नीट बघितलं तर बहुतेक पंचविशीच्या आतली पोरं, निम्मी तर पुण्यात राहणारी. घरात पाणी भरणाऱ्या बायका त्यात जवळपास नव्हत्याच.

मग फेब्रुवारीत कागदाच्या फॉर्मचा गठ्ठा घेऊन आम्ही गाडीवर पूर्व भागात गेलो. तिकडं बऱ्याच घरात कन्नड बोलतात, प्रत्येक प्रश्न वाचून परत कन्नडमध्ये सांगायला लागायचा, एकेका घरी पाऊण तास जायचा. पण नळाला किती दिवसांनी पाणी येतं, उन्हाळ्यात टँकरसाठी किती वेळ थांबायला लागतं, हे त्या बायकांनीच सांगितलं. काही घरांना मात्र कुलूप, माणसं ऊसतोडीला गेलेली. ती ना लिंकमध्ये आली ना कागदावर, आणि मला हेच जास्त लागलं.

कागदाचं सगळं चांगलं असंही नाही. मधले प्रश्न कोरे राहतात, घरी टाइप करताना आकडे चुकतात. कर्ज किती, घरात दारू कोण पितं हे शेजारीण बसलेली असताना विचारलं तर खरं कोण सांगणार? एकट्यानं मोबाईलवर भरताना माणूस जास्त मोकळं लिहितो.

अमेरिकेत १९३६ ला राष्ट्राध्यक्ष कोण होणार हे आधीच सांगायला लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं एक कोटीच्या आसपास लोकांना पोस्टानं मतपत्रिका पाठवल्या, वीस लाखांवर परत आल्या, तरी लँडन जिंकणार हा त्यांचा अंदाज साफ चुकला आणि समोरचे उमेदवार रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून, मंदीत ते होतं कोणाकडं? आणि तो तर कागदाचाच सर्वे होता.

२०२७ ची जनगणनापण मोबाईलवर आहे, स्वतः ऑनलाइन भरायची सोय आहे, तरी प्रगणक घरोघरी जाणारच आहे. कॉलेजच्या पोरांनीही मोबाईल घेऊनच दारात जावं की, टायपिंगपण वाचेल.

तुम्हालाही एक विनंती, सर्वेची बातमी छापताना किती टक्के लोक काय म्हणाले याच्या शेजारी तो घेतला कसा, कोणत्या गावात, आणि त्यात बायका किती होत्या एवढं तरी छापत जा.

एक वाचक,
जत, जि. सांगली