रविवारची सापुतारा ड्राइव्ह : गाडी तपासूनच या

येत्या रविवारी पहाटे ५:३० ला नाशिकच्या म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडवर जमायचं. दिंडोरी, वणी, हातगडमार्गे सापुतारा. टाकी आदल्या रात्रीच भरा, पंपावर पंधरा गाड्यांची रांग नको.

सर्वात महत्त्वाचं ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) साधारण २३० अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १५५ लाच. घाट उतरताना सतत पाय ठेवला की त्यात वाफ होते, पेडल स्पंजसारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. दोन वर्षं ऑइल बदललं नसेल तर याच आठवड्यात बदला. उतरताना दुसरा-तिसरा गिअर.

गाडी लोअर (उंची कमी) केलेल्यांनी चार माणसं बसवून स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवावं. टायरच्या खांद्यावर चकचकीत घासलेली रेघ दिसली तर टायर फेंडरला (चाकावरच्या पत्र्याला) लागतोय, आणि घाटातल्या वळणावर फाटू शकतो. नवी अलॉय चाकं बसवलीत? १०० किलोमीटर झाले की नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळा. हवा गाडी थंड असतानाच मोजा.

पाच-पाच गाड्यांचे गट, तीन सेकंदांचं अंतर. चालत्या गाडीत हॅझर्ड (चारही इंडिकेटर एकदम) लावू नका, वळण घेताय हे मागच्याला कळत नाही. द्राक्षपट्ट्यातले ट्रॅक्टर अंधारात बिनदिव्याचे असतात, तिथे ओव्हरटेक नाहीच.

आरसी, विमा, पीयूसी सोबत हवेत. सायलेन्सर काढलेली गाडी घेणार नाही, गावं झोपेत असतात. टर्बो इंजिनवाल्यांनी वर पोचल्यावर, टर्बो थंड व्हायला, मिनिटभर इंजिन चालू ठेवावं.

येणाऱ्यांनी शुक्रवार रात्रीपर्यंत गाडीचा नंबर ग्रुपवर टाका.