बागेच्या लाइनचा काढलेला ईएलसीबी परत बसवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापक समिती,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, नेरुळ, नवी मुंबई.

सा. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात बी विंगच्या जिन्यातला अंधार एकदाचा संपला आणि ग्रुपवर वायरमनला अंगठ्यांवर अंगठे मिळाले. त्यातला एक माझाही होता. काल वॉचमनकडून किल्ली घेऊन मीटर रूममध्ये डोकावलो, आणि तो मागे घ्यावासा वाटला. जिना आणि बाग या दोन्ही लाइनींवरचा ईएलसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की वीज तोडणारा खटका, पाऊस सुरू झाल्यापासून सारखा पडत होता; तो त्याने काढून पेटीवर ठेवून दिलाय आणि वायरी डायरेक्ट जोडल्यात. शेजारी १६ अँपिअरची एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्टसर्किट झालं की पडणारा खटका) होती, तिथे ३२ ची आली आहे. बागेतल्या केबलला मात्र कोणी हात लावलेला दिसत नाही.

मी तीस वर्षं ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात मेन्टेनन्सला होतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद तेवढा वाचावा.

ईएलसीबी, ज्यावर आता आरसीसीबी असं छापलेलं असतं, तो एकच हिशेब ठेवतो. फेजमधून, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरीतून, जितका करंट गेला तितका न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, परत आला का? दोन्ही वायरी आत एकाच लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असला की कड्यात चुंबकत्व उरत नाही. ओल्या जॉइंटमधून, खांबातून किंवा कुणाच्या अंगातून थोडा करंट जमिनीत गेला, की परतीचा तेवढा कमी पडतो. त्या फरकाने कड्यावरच्या बारीक कॉइलमध्ये करंट येतो आणि खटका पडतो. आपला ३० मिलिअँपिअरचा होता. देवघरातला शून्याचा बल्ब साधारण १५ वॅटचा, म्हणजे ६५ मिलिअँपिअर खातो. त्याच्या निम्म्याहून कमी गळतीवर हा पडतो, तोही सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत. तेव्हा पावसात तो सारखा पडत होता, कारण बागेत कुठेतरी खरोखर गळती आहे. अजूनही आहे.

‘एमसीबी आहे ना’ असं वायरमन म्हणाला. एमसीबीला गळती दिसतच नाही. ती दोनच गोष्टी ओळखते. लोड वाढला की दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकते आणि सावकाश खटका पाडते. शॉर्टसर्किट झालं की कॉइलचं चुंबक क्षणात तो ओढतं. आता बागेतल्या खांबाला फेज लागली असं धरा. त्याच्या अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहम असेल, तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जमिनीत जातील. त्यावर १६ ची एमसीबीसुद्धा झोपून राहील, ३२ ची तर सोडाच. खांब तसाच जिवंत राहणार, आणि संध्याकाळी पोरं लपाछपीचं राज्य त्याच खांबाला डोकं टेकून घेतात.

३२ ची एमसीबी हा वेगळा घोळ आहे. एमसीबीचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरतो. जिन्याची वायर दीड स्क्वेअर एमएमची. पाइपातल्या अशा वायरीवर १५-१६ अँपिअरच्या पुढे जाऊ नये. ३२ च्या एमसीबीतून ४० अँपिअर गेले तरी ती तासभर न पडण्याची शक्यता आहे, आणि तोवर वायरीचं प्लास्टिक पाइपातच वितळेल. (नवीन लग्न झालेलं असताना किटकॅट फ्यूजमध्ये मी स्वतः जाड तार कोंबली होती. इस्त्रीचा सॉकेट काळा पडला, सौ. अजून ऐकवते. त्यामुळे वायरमनला बोल लावताना माझाही आवाज थोडा खालचाच आहे.)

लोकांचा वैताग मला समजतो. बागेत पाणी शिरलं की चौथ्या मजल्यावरच्या आजींनी मोबाइलच्या उजेडात जिना का चढावा? दोन्ही लाइनी एकाच ईएलसीबीवर होत्या, ही मूळ चूक. जिन्याला एक आणि बागेला एक असे दोन बसवावेत. दोघांचे न्यूट्रल मात्र पूर्ण वेगळे काढायला हवेत. ते कुठे एकत्र राहिले तर हिशेब जुळणार नाही, नवे दोन्ही पडत राहतील आणि पुन्हा कोणीतरी ‘डायरेक्ट करून टाका’ म्हणेल.

तरी समितीला विनंती, की बागेचे दिवे आजपासून बंद ठेवावेत. परवानाधारक ठेकेदाराकडून बागेतल्या केबलची मेगर टेस्ट, म्हणजे वायरीच्या इन्शुलेशनची तपासणी, करून घ्यावी. मला संशय कारंज्याजवळच्या जॉइंटवर आहे, तिथे नुसती टेप गुंडाळलेली आहे. खांबांचं अर्थिंगही मोजून घ्यावं, खाडीच्या खाऱ्या हवेत जुन्या पट्ट्या टिकत नाहीत. जिन्याला १० ची एमसीबी लावावी, एलईडी दिव्यांना तेवढी भरपूर होते. नव्या ईएलसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं काम वॉचमनच्या वहीत लिहून द्यावं. गणपतीच्या मांडवाचं लायटिंग दरवर्षी याच पेटीतून घेतो, म्हणून हे सगळं मांडवाचा पहिला बांबू रोवण्याआधी व्हावं. ठेकेदार येईल त्या दिवशी मी मीटर रूमपाशी थांबेन. फक्त आदल्या दिवशी कळवावं, दुपारी माझी झोप असते.

आपला,
एक सभासद, बी विंग, दुसरा मजला