गाडी वरून चकचकीत, खालून चाळण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दर सुटीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या गाडीचा फोटो आपल्या अंकात असतो. ट्रॅक्टर येतो, गाडी ओढून काढतात, विषय तिथेच संपतो. त्या गाडीचं पुढे काय होतं, ते आम्हाला दिसतं. हर्णै-दापोली रस्त्याला माझं गॅरेज आहे. पत्र्याचं काम करतो, ३१ वर्षं झाली.

मार्चमध्ये ओळखीचा एक पोरगा मासळीचा टेम्पो घेऊन आला. चार वर्षं वापरलेला, कर्ज काढून सेकंडहँड घेतलेला, रंग अगदी नव्यासारखा. खड्ड्यात गेला की मागून आवाज येतो, एवढीच तक्रार. मी खाली सरकलो आणि चॅसिसवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हातोडीने ठोकत गेलो. चांगलं लोखंड खणखणतं. इथे आवाज बद्द येत होता. मागच्या आडव्या पट्टीवर तिसऱ्या ठोक्याला हातोडी आरपार गेली आणि गंजाचे पापुद्रे माझ्या तोंडावर पडले. ब्रेकचा पाइप क्लिपमध्ये बसतो तिथे फुगवटा आला होता. नखाने खरवडला, तर ऑइल पाझरलं. हाच टेम्पो भरून पोरगा रोज रात्री दापोलीहून खेडला उतरतो. त्या दिवशी मी त्याला चावी परत दिली नाही.

दोष त्याचा एकट्याचा नाही. संध्याकाळी लिलावाला टेम्पो पार ओल्या वाळूपर्यंत जातो. वरून मासळीच्या बर्फाचं खारट पाणी हौद्याच्या फटींतून चॅसिसवर गळत राहतं. घरी आल्यावर हौदा धुतात, कारण त्याला वास येतो. चॅसिस तशीच राहते.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पाणी वाळून जातं, मीठ पत्र्याच्या सांध्यांत बसतं. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, तसंच या मिठालाही सुटतं. म्हणून मे महिन्यात दर्यावर नेलेली गाडी आषाढात सडते, दारात उभ्या उभ्या. मालक म्हणतो, पावसामुळे गंजली. नुसत्या पावसाने गाडी इतकी लवकर जात नाही.

उपाय साधा आहे. गाडी किनाऱ्यावरून किंवा फेरीबोटीतून आली, की त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायचा. चाकांच्या वरची कमान, स्प्रिंगच्या पाट्यांचे सांधे, सायलेन्सरचे हँगर सोडायचे नाहीत. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती वाळूने बुजतात. खराट्याची काडी घेऊन ती मोकळी करा. दहा मिनिटांचं काम आहे, पण दरवाजा वाचतो. खाडीकाठच्या विहिरीचं मचूळ पाणी मात्र यासाठी नको, त्यातही मीठ आहेच.

अंडरबॉडी कोटिंगबद्दल लोक फार विचारतात. कोटिंग चांगलंच असतं, पण गाडी आधी धुवून, पूर्ण वाळवून, तारेच्या ब्रशने घासून, प्रायमर मारून केलं तरच. मिठावर कोटिंग म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. मी असा काळा थर अखंड सोलून काढलाय, खाली गंज ओला होता. पूर्वी पावसाळ्याआधी आम्ही जळकं ऑइल मारायचो. लोखंड टिकायचं, पण रबराचे बुश फुगायचे आणि पहिल्या पावसात ते ऑइल वाहून खाडीत जायचं. ते मी बंद केलं. प्लॅस्टिकची ताडपत्रीही गच्च बांधू नका, आत घाम धरतो. वारा खेळेल अशी शेड बरी.

आता मागणी. कर्दे, मुरुड, लाडघर, आंजर्ले इथे रोज एवढ्या गाड्या येतात. जिथे पार्किंगचे पैसे घेतले जातात, तिथे बाहेर पडण्याच्या वाटेवर गोड्या पाण्याचा एक रॅम्प असावा, खालून फवारे असलेला. तसाच एक हर्णै बंदरात टेम्पो-रिक्षांसाठी हवा. मे महिन्यात वाड्यांना प्यायला पाणी पुरत नाही, हे मीही भोगतो. म्हणून पागोळ्यांचं पाणी टाकीत साठवावं, वापरलेलं पाणी खाली खड्ड्यात घेऊन वाळू निवळू द्यावी. ते वापरून खारट झालं, की मात्र बदलावंच लागेल. आणि गाड्या ओल्या वाळूत जाऊच नयेत म्हणून किनाऱ्याच्या तोंडाशी दगड लावावेत. तो खर्च तर काहीच नाही.

दुसरी विनंती मालवाहू गाड्यांच्या मालकांना. आठ वर्षांपर्यंत पासिंग दोन वर्षांनी येतं, पुढे दरवर्षी. त्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन "चॅसिसला काळा मारून द्या" म्हणतात. मी आधी ठोकून बघतो, पाइप तपासतो, मगच ब्रश हातात घेतो. यात दोन गिऱ्हाइकं तुटली. तुटू देत, घाटात ब्रेक लागला पाहिजे.

त्या पोराचा टेम्पो नऊ दिवस माझ्याकडे होता. आडवी पट्टी नवी टाकली, पाइप सगळे बदलले. आता तो लिलावाहून थेट माझ्या नळावर येतो.

ज्या ग्रामपंचायतीला किंवा मच्छीमार सोसायटीला रॅम्प बांधायचा असेल, त्यांना उतार किती ठेवायचा आणि फवारे कुठे लावायचे, हे मी स्वतः येऊन दाखवीन. पैसे नकोत.

आपला,
एक पत्रेकाम करणारा, हर्णै (ता. दापोली)