आधी दिवे पाहा, मग प्लग काढा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल बाबा म्हणाले, "वाय-फाय पूर्ण दिसतंय, पण काहीच उघडत नाही," आणि त्या एका वाक्यातच निम्मे निदान होते, हे मला फोन ठेवल्यावर सुचले. मोबाइलवरच्या त्या कमानी फक्त मोबाइल आणि राउटर यांच्यातला दुवा किती बळकट आहे ते सांगतात; बाहेरून राउटरपर्यंत इंटरनेट पोहोचते आहे की नाही, याचा त्यांना पत्ता नसतो. म्हणून पुन्हा असे झाले, तर आधी राउटरवरचे दिवे पाहा. 'एलओएस' लिहिलेला दिवा लाल असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, असे समजावे. अशा वेळी ती बारीक तार कपाटामागे दुमडली तर नाही ना, एवढेच पाहावे (आत काचेचा तंतू असतो, त्याला तीव्र वळण सोसत नाही) आणि सरळ तक्रार नोंदवावी.

लाल दिवा नसूनही काही उघडत नसेल, तर प्लग काढून अर्धा मिनिट थांबावे, पुन्हा लावावा आणि दोन-तीन मिनिटे धीर धरावा. बाबा, तुम्ही लागोपाठ तीनदा बटण चालू-बंद करता, त्यामुळे बिचाऱ्याला उठायलाच वेळ मिळत नाही. मागच्या बारीक छिद्रात पिन मात्र कृपा करून घालू नका. ते 'रीस्टार्ट' नव्हे, 'रीसेट' आहे. गेल्या वेळी त्यामुळे नाव, पासवर्ड, सगळे पुसले गेले आणि ते पुन्हा भरण्यात माझी अख्खी दुपार गेली.

आईची तक्रार निराळी आहे. बाहेरच्या खोलीत नीट चालणारा व्हिडिओ स्वयंपाकघरात अडखळतो, तेव्हा दोष इंटरनेटचा नसून वाय-फायचा असतो. आपला राउटर दोन नावे दाखवतो: शेवटी '५जी' असलेले नाव ५ गिगाहर्ट्झचे, वेगवान पण भिंतींपुढे लवकर दमणारे (मोबाइलच्या ५जीशी त्याचा काहीही संबंध नाही, नाव ठेवणाऱ्याने उगाच घोळ घातला आहे), आणि दुसरे २.४ गिगाहर्ट्झचे, धिमे पण लांब पोहोचणारे. आई, स्वयंपाकघरात तू हे दुसरे निवड. मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र तेही अडखळू शकते, कारण मायक्रोवेव्ह जवळपास त्याच लहरींवर चालतो. तेवढी दोन मिनिटे व्हिडिओ थांबव. शिवाय टीव्हीमागे दडवलेला राउटर काढून उंचावर, मोकळ्यावर ठेवलात, तर निम्मी कुरकुर आपोआप थांबेल.

पुढच्या वेळी मला फोन करण्याआधी दिव्यांचा फोटो पाठवा.

तुमची,
लेक