रविवारची बैठक: पुस्तक आणि मतदार यादी

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी ९ वाजता शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, नेहमीच्याच जागी भेटू या. पुस्तक आहे गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३). मी ते रोज लोकलमध्ये दोन-तीन पानं असं वाचतेय. जुनी भाषा सुरुवातीला अडते, पण मोठ्याने वाचली की गोडी लागते. पूर्ण झालं नसेल तरी या, आवडलेलं एक पान वाचून दाखवा.

दुसरं, तितकंच महत्त्वाचं. घर बदललेल्यांनी मतदार यादीतलं नाव तपासलं का? मागच्या खेपेला माझं नाव जुन्याच पत्त्यावर राहिलं आणि मतदान हुकलं. ती रुखरुख अजून आहे. पत्ता बदलायला नमुना ८ चा अर्ज, नव्या नोंदणीला नमुना ६ चा. घरातल्या मुलांना सांगा, १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. पत्त्याचा पुरावा सोबत आणा, बैठक संपल्यावर तिथेच अर्ज भरू.

आणि हो, गटाची नेलेली पुस्तकंही परत आणा. मागणारे थांबलेत.