मेंढ्या मिळतात, मेंढा कुठून आणायचा?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात पुणे जिल्ह्याच्या पानावर मागच्या आठवड्यात एका माडग्याळ मेंढ्याचा फोटो छापून आला. गळ्यात घुंगरांचा पट्टा, कपाळाला गुलाल, आणि खाली किंमत लाखांत. बातमी खोटी आहे असं माझं म्हणणं नाही. जत तालुक्यातलं ते जनावर दिसायला देखणंच असतं. पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबूस डाग, उंच पाय. हौसेला मोल नसतं, ज्याला परवडतं त्यानं घ्यावं. पण त्या बातमीच्या शेवटी, आता गावठी काळ्या मेंढीचे दिवस संपले, अशा अर्थाचं एक वाक्य होतं. ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही पुरंदर तालुक्यातले धनगर. सासऱ्यांच्या हयातीत आमचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा फिरता तळ, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात जायचा. भात कापलेल्या खाचरांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात भात नाहीतर पैसे घ्यायचे, आणि पाऊस लागायच्या आत पुन्हा वर यायचं. मुलांच्या शाळेपायी आम्ही एका जागी बसते झालो. तीन एकर जमीन आहे. त्यात अंजीर आणि सीताफळ, बांधाला शेवरी, विहिरीजवळ मेथीघासाचे दोन-चार वाफे. बागेचं माझे मालक बघतात, मुलगा जेजुरीच्या एमआयडीसीत कामाला जातो, आणि मेंढरांचं मी आणि माझी सून बघतो. बत्तीस मेंढ्या आहेत. सगळ्या काळ्या, सगळ्या दख्खनी.

दख्खनी म्हणजे एकच साचा नव्हे. लोणंदची वेगळी, संगमनेरची वेगळी, सोलापूरकडची आणि कोल्हापूरकडची आणखी वेगळी. आमच्याकडची लोणंदी वळणाची. अंगानं बेताची, मोठी मेंढी तीस किलोच्या आसपास. एका वेताला एकच कोकरू, जुळं क्वचित. लोकर जाड आणि राठ, तिचा स्वेटर होत नाही, घोंगडं होतं. पण हीच मेंढी वैशाखात कोरड्या माळावरची काटकं खुडून खाते, दिवसभर चालते, आणि तरी वेळेवर गाभण राहते. पावसात सारं अंग भिजून उभी राहिली तरी झाडते आणि पुढं निघते. गोठ्यात भरडा खाऊन वाढलेलं जड जनावर त्या वाटेवर चार दिवसांत लंगडायला लागतं.

लोकरीबद्दल फार लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं फार उरलेलं नाही. वर्षातून दोनदा मेंढरं कातरावी लागतात आणि कातरणीची मजुरी लोकरीच्या दामातून निघत नाही. खड्ड्याच्या मागावर घोंगडं विणून त्याला चिंचोक्याची खळ लावणारी सनगरांची घरं पूर्वी बाजाराच्या गावोगावी असायची. आता आम्हाला माहीत असलेलं एकच म्हातारं जोडपं आहे आणि तेही कोकराची पहिली लोकर, म्हणजे जावळ, तेवढीच घेतं. बाकीची पोती आमच्याच छपरात पडून आहेत. खंडोबाला भंडाऱ्याबरोबर लोकर उधळतात, तेवढीच काय ती तिला किंमत.

खरं दुखणं लोकरीचंही नाही. ते नराचं आहे, आणि त्याबद्दल वर्तमानपत्रात कुणी लिहिताना मी पाहिलेलं नाही.

मेंढरं विकत घ्यायला व्यापारी दारात येतो तेव्हा तो काय करतो ते सांगते. कोकरांच्या घोळक्यात शिरतो, एकेकाच्या कमरेवर अंगठा दाबून बघतो, मग पोटाखाली हात घालून उचलतो आणि खाली ठेवतो. तोंडानं काही बोलत नाही. तीन-चार महिन्यांच्या नरांमधलं जे सगळ्यांत भरलेलं, ज्याच्या आईला दूध चांगलं, तेच तो आधी बाजूला काढतो, आणि पैसेही त्याचेच जास्त देतो. आपल्यालाही त्या दिवशी पैशांची नड असतेच, बियाणं म्हणा, मुलीचं बाळंतपण म्हणा. मागं उरतं ते रोडकं, उशिरा जन्मलेलं, आईनं नीट न पाजलेलं. पुढं वर्षभरानं तेच कळपात मोठं होतं आणि तेच मेंढ्यांना लागतं. वर्षानुवर्षं असं चाललं आणि मग सगळे म्हणायला मोकळे झाले की दख्खनीला वाढच नाही! चाकणचा बाजार असो की लोणंदचा, चांगलं बीज गाडीत चढून निघून जातं आणि दोष जातीच्या माथी बसतो.

दुसरी अडचण नात्याची. राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ मध्ये आली. भटक्या जमाती क प्रवर्गातल्या कुटुंबाला वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदानावर. योजना चांगली आहे, आमच्या भावकीतल्या पोरांना तिचा आधार झाला, त्यावर टीका करायला मी बसलेली नाही. पण हिशेब मांडून बघा. मेंढीचे गाभणपणाचे दिवस साधारण दीडशे. आज नर सोडला तर पाच महिन्यांनी कोकरं. त्यातल्या माद्या चांगल्या खाण्यावर वर्षाच्या आत-बाहेर माजावर येतात. म्हणजे दीड वर्षात तो नर स्वतःच्या लेकींमध्ये उभा. बापच लेकीला लागला तर होणाऱ्या कोकरात रक्ताचं नातं २५ टक्के धरतात, सावत्र भावंडांच्या पोटचं असलं तर साडेबारा. कागदावर हा आकडा वाटतो. गोठ्यात तो दिसतो तेव्हा कोकरू उभं राहायला वेळ लावतं, खालचा जबडा आखूड निघतो, नराचं एकच अंडं खाली उतरतं.

तेव्हा नर बदलला पाहिजे, हे न शिकलेल्या धनगरालाही ठाऊक आहे. वाडे फिरते होते तेव्हा ते आपसूक व्हायचं. कोकणच्या वाटेवर चार वाडे एकत्र बसायचे, तिथं नरांची अदलाबदल व्हायची, कुणाचा मेंढा कुणाच्या घरचा हे म्हाताऱ्यांच्या तोंडपाठ असायचं. आता कळप बसते झाले, गायरानं कमी झाली, वाटेत प्लॉटिंगच्या कुंपणांच्या तारा आल्या. माझ्या गावात आणि शेजारच्या दोन गावांत मिळून आता काळ्या मेंढ्यांचे कळप बोटांवर मोजण्याइतके आहेत, आणि बहुतेकांत माडग्याळचा किंवा त्याच्या मिश्रणाचा नर सोडलेला आहे. त्यांना नावं ठेवत नाही. पहिल्या पिढीचं कोकरू वजनदार होतं, दोन पैसे जास्त येतात, ज्याचं पोट त्यावर आहे तो दुसरं काय करणार. पण त्याच कळपातल्या माद्या राखल्या, त्यांना पुन्हा तसाच नर लावला, की तिसऱ्या पिढीत काळा रंग जातो, लोकर जाते, आणि उन्हाळ्यात बाहेरून चारा आणल्याशिवाय ते जनावर निभत नाही. मग मागं फिरायला शुद्ध काळा नर लागतो. तो कुठून आणायचा?

कुणी सांगतं, गाईसारखं कृत्रिम रेतन करा. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की मेंढीच्या गर्भाशयाचं तोंड आतून वळणावळणाचं असतं, नळी गाईसारखी आत सरकत नाही. ताजं वीर्य तोंडापाशी सोडून काम होतं, पण गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या वापरायच्या तर पोटाला छोटं छिद्र पाडून दुर्बिणीनं थेट गर्भाशयात सोडावं लागतं. ते संस्थेत होतं, माझ्या छपराखाली नाही. आमच्यासाठी चार पायांवर चालत येणारा नरच खरा.

आम्ही काय करतो ते थोडं सांगते, कारण हे अशक्य नाही. आमच्यासारख्या आणखी तीन घरांनी मिळून साखळी केली आहे. आमच्या घरी जन्मलेला नर कऱ्हेपलीकडच्या घरी जातो, त्यांचा त्याच्या पुढच्या घरी, तिथला चौथ्याकडे आणि चौथ्याचा आमच्याकडे. दीड वर्ष झालं की सगळे एक घर पुढं सरकतात. माद्या आपापल्या घरीच राहतात. नको त्या वेळी नर लागू नये म्हणून त्याच्या पोटाखाली गोणपाटाचं फडकं बांधतो. ते दर दोन-तीन दिवसांनी सोडून धुवावं लागतं, नाहीतर मुतानं कातडी सोलते. नर निवडताना त्याचं रूप शेवटी बघतो. आधी त्याची आई, तिनं किती कोकरं जगवली ते. मग दात, दोनदाती झाल्याशिवाय, म्हणजे पुढचे दोन पक्के दात आल्याशिवाय, जास्त मेंढ्यांत सोडत नाही. मग दोन्ही अंडी हातानं चाचपून, सारखी आणि घट्ट आहेत ना. मग खूर. सगळ्यात शेवटी रंग आणि लोकर.

याची एक वही आहे. दोनशे पानी, दुकानाच्या उधारीची असते तसली. माझ्या सासूबाईंना लिहिता येत नव्हतं, त्या कानाच्या खाचेवरून घराणं सांगायच्या: उजव्या कानाला टोकाशी खाच म्हणजे मुंडीचं, डाव्याला खालून म्हणजे चांदीचं. आम्ही त्याच खाचा ठेवल्या आणि शेजारी लिहायला लागलो. एक नोंद अशी: 'मुंडीची भोरी, तिसरं वेत, नर, बाप पलीकडचा काळू, जन्मताना अडीच किलो, आई पान्हावली, ठेवायचा.' हा 'ठेवायचा' शब्द लिहायला फार जड जातो, कारण त्याच दिवशी व्यापारी त्याच्यावर बोट ठेवून गेलेला असतो. सून आता हेच मोबाइलमध्येही भरते. सरकारी बारा आकडी बिल्ला आमच्या मेंढ्यांच्या कानात आहे, पण त्या नोंदीत बापाचा रकाना रिकामाच आहे. आईचाही.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. शेळी-मेंढी विकास महामंडळाचं मुख्य कार्यालय पुण्यातच गोखलेनगरला आहे, पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला. शहरातल्या शहरात दोन्हीकडे जाता येतं. तालुक्याच्या दवाखान्यात एक यादी लावावी: शुद्ध दख्खनी नर कुणाकडे आहेत, कोणत्या वयाचे, कुणाच्या पोटचे, अदलाबदलीला कधी मोकळे. बिल्ल्याच्या नोंदीत आई-बाप भरून घ्यावेत. नर वाटपात ज्याला दख्खनीच हवा त्याला दख्खनीच मिळावा. आणि सगळ्यांत आधी हे करावं, की चार महिन्यांच्या निवडक कोकराला व्यापारी जो भाव देतो तेवढा मेंढपाळाच्या हातात ठेवावा आणि ते कोकरू नर म्हणून दोनदाती होईपर्यंत राखायला लावावं. नवा गोठा बांधण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. वही ठेवायला माणूस नाही म्हणाल तर आमच्या सुना-मुली आहेत, त्यांना थोडं मानधन द्या.

शुद्ध जात राखणं ही बसल्याजागी खाणाऱ्यांची हौस आहे, असंही काही जण म्हणतील. त्यांनी फलटणला जाऊन यावं. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बंगालच्या सुंदरबनातल्या गरोल या चिमुकल्या मेंढीतला जुळी होण्याचा जनुक आपल्या दख्खनीत आणला. आता ते वाण एका वेताला बऱ्याचदा दोन कोकरं देतं आणि बऱ्याच मेंढपाळांच्या कामाचं ठरलं आहे. मला ते पटतंही, ज्याच्याकडे चारा-पाणी आणि दूध पुरतं त्यानं जरूर घ्यावं. पण तो जनुक टाकायला खाली दख्खनी होती म्हणून ते झालं. आणि ती गरोल मेंढी सुंदरबनच्या कुणी छोट्या शेतकऱ्यानं, तिला कुणी विचारत नसताना, दारात बांधून ठेवली होती म्हणूनही झालं.

शिवाय रोग आहेत. आंत्रविषाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर टोचून घेतो, पीपीआर या साथीच्या रोगाचीही घेतो, तरी निळ्या जिभेची साथ चिलटांबरोबर येते तेव्हा एखाद्या कळपाची आठवड्यात वाताहत होते. चांगलं बीज एका सरकारी प्रक्षेत्रावर ठेवून निर्धास्त होता येत नाही. ते पन्नास दारांत असलं पाहिजे.

जाता जाता, साखळीत आणखी घरं हवी आहेत. आमच्याकडे सध्या दोन नर जादा आहेत, एक दोनदाती आणि एक चारदाती, दोघांच्याही तीन पिढ्या वहीत लिहिलेल्या. विकायचे नाहीत, बदल्यात नात्याबाहेरचा काळा दख्खनी नर हवा. पुरंदर, भोर, बारामती, दौंड कुठलाही चालेल, आणायचा खर्च निम्मा-निम्मा. त्याची आई बघायला आम्ही स्वतः येऊ. ज्यांच्याकडे असेल त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी द्यावी, माझा पत्ता पाकिटावर आहे. नाव मात्र छापू नये, व्यापारी आधीच नाराज आहे.

आपली,
एक वाचक,
ता. पुरंदर, जि. पुणे