आधी माग बघ, मोटारी नंतर

इचलकरंजी

चि. प्राजक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

नागोयात खोली मिळाल्याचं कळलं, घरी सगळ्यांना हायसं वाटलं. तुला चाचणी विभागात घेतलंय हे ऐकल्यापासून एक सांगायचं मनात आहे. सुट्टीच्या दिवशी तिथलं टोयोटाचं उद्योग संग्रहालय बघून ये. मोटारी नंतर, आधी माग बघ.

साकिची टोयोडा सुताराचा मुलगा. आई हातमागावर विणायची; तिचे कष्ट बघत तो मागाच्या मागे लागला. 1924 साली त्याचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. धोट्यातलं, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातलं, सूत संपत आलं की माग न थांबता नवा धोटा चढायचा, आणि उभा धागा तुटला की माग आपोआप बंद व्हायचा. तू आपल्या मागांच्या शेडमध्येच वाढलीस, याची किंमत तुला कळेल. आपल्या साध्या मागावर उभा धागा तुटला, तर कुणाच्या नजरेस पडेपर्यंत कापड निघतच राहतं. सूत जातं, सुताला लावलेली सायझिंगची खळ जाते, वीज जाते. आणि तो ताका तसाच प्रोसेसला गेला तर रंग आणि पाणीसुद्धा त्याच खराब कापडावर. हल्ली कारखाने छपरावर सौर पॅनेल बसवतात, ते चांगलंच आहे. पण वाईट माल मुळात बनूच न देणं ही मला त्याहून मोठी बचत वाटते. 1929 मध्ये इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या माग बनवणाऱ्या कंपनीनं या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. लँकेशायरनं जगभर माग विकले होते, त्यांना हा विकत घ्यावा लागला!

साकिचीच्या मुलानं, किइचिरोनं, पुढे टोयोटाच्या मोटारी काढल्या, पण तत्त्व तेच ठेवलं. मोटारी जुळवायच्या लाइनवर कामगाराच्या हाताशी दोरी असते. चूक दिसली की कुणीही ओढायची. टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या टप्प्यापर्यंत गाडी पोचेतो दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबते. यंत्राला असलेला थांबण्याचा हक्क माणसालाही मिळाला. मला यात सगळ्यात मोठं हेच वाटतं.

तरीही 2023 च्या डिसेंबरात त्याच समूहातल्या दाइहात्सू या मोटार कंपनीमध्ये सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं चाललेले गैरप्रकार बाहेर आले आणि त्यांना गाड्या पाठवणं थांबवावं लागलं. चौकशी समितीनं कारण दिलं ते फार आवळलेल्या मुदतींचं. चाचणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला "हे जमत नाही, थांबा" म्हणायला जागाच नव्हती. तू नेमकी तशाच टेबलावर बसणार आहेस, म्हणून लिहितोय.

मुदत कमी पडते असं दिसलं की त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळव, शेवटच्या आठवड्याची वाट बघू नकोस. आणि तिथे कुणी काम थांबवलं तर त्याला पहिलं वाक्य काय ऐकवतात, तेवढं नीट ऐक. पुढच्या पत्रात मला कळव.

तुझे बाबा